रचनेनुसार

खैरानी रोडला, खोक्यांच्या कारखान्यावर,
तिसऱ्या मजल्यावर रात्रपाळीत
मी प्रेम तपासते.
नोकरी आहे. रिक्षाभाडं वेगळं मिळतं.

खेळात मी यानाची कॅप्टन.
इंजिनियर ओरेन: निळसर कातडी, मानेला कल्ले,
आपला ग्रह जळून गेला हे तो पहिल्याच भेटीत सांगतो,
लिफ्टमधल्या अनोळखी माणसाला
सिलिंडरचा भाव सांगावा तसा.

लगेच खाली तीन वाक्यं उजळतात.
"ऐकून वाईट वाटलं."
"इंजिन कधी दुरुस्त होईल?"
आणि तिसरं, ज्याच्याशेजारी लाल बदाम.
तिसरं वाक्य काय आहे ते कुणीच वाचत नाही,
मीसुद्धा, आणि मला तर वाचायचे पैसे मिळतात.

पुढे तीन स्फटिक द्यायचे.
कुठल्याही बंदरात चाळीस नाण्यांना एक.
दोन दिले की मैत्री, तीन दिले की जन्माची गाठ.
अडीच असं काही नसतं.
मग दार सरकतं, व्हायोलिन वाजतं,
पडदा अकरा सेकंद काळा
(मोजलेत; तक्त्यात सहावा रकाना)
आणि सकाळी ओरेन म्हणतो,
"कॅप्टन, शीतकाचा दाब स्थिर आहे."

हेच तो म्हणतो, रात्री काही घडलं नसलं तरी.
हेच म्हणतो, त्याच्या भावाला मी गोळी घातली तरी.

नोंद क्रमांक ४४१७:
रात्रीनंतर पात्राला रात्र आठवत नाही.
दोन दिवसांनी उत्तर आलं,
जिथे दिवस असतो त्या गावाहून:
बग नाही. रचनेनुसार.

शेजारच्या खुर्चीत उत्तनचा फेलिक्स तुस्कानो
भिंती तपासतो, कुणाचा खांदा आरपार जातो का ते.
"मिठीत हात पाठीतून बाहेर येत नाही ना?
मग सुखी जोडपं आहे," म्हणतो.

दोन वाजता खाली भुर्जी.
विमान चाकं काढून पत्र्यांवरून उतरतं,
आणि साकीनाक्याला सगळे थांबतात तसा
फेलिक्स वाक्याच्या मध्यावर थांबतो,
पाव हातात, तोंड उघडं,
आवाज गेला की तिथूनच पुढे:
"...तर आई म्हणाली, होडी विकून टाक."
एवढं थांबणंसुद्धा
ओरेनला कुणी लिहून दिलेलं नाही.

आणि मला?

चेंबूरला सहा वर्षं निरामय रोज दार उघडून आत यायचा.
बँकेचं विलीनीकरण, वडिलांचं कानाचं यंत्र,
सगळं सांगायचा, बूट न काढता.
मी म्हणायचे, "होईल नीट."
एकदा तो म्हणाला, "आज चौथ्यांदा म्हणालीस."
मला वाटलं, हा मोजतो, म्हणजे ह्याचंच काहीतरी बिघडलंय.
जे म्हणायला हवं होतं
त्याच्याशेजारी बदाम नव्हता.
मिक्सर तो घेऊन गेला.
शीतकाचा दाब स्थिर राहिला.

आज तक्ता बाजूला ठेवून
मी ओरेनपाशी गेले, स्फटिक न घेता,
आणि दुसरं वाक्य दाबलं.
इंजिन कधी दुरुस्त होईल?
"काम चालू आहे, कॅप्टन."
पुन्हा. पुन्हा. सहा वेळा तेच.
सातव्यांदा जरा वेळ काहीच नाही.
मग, यादीत कुठेच नसलेलं,
काढून टाकायचं राहून गेलेलं कुणाचं तरी वाक्य:
"गुरुवारपर्यंत. एक झडप सापडत नाहीये.
तुला कंटाळा नाही ना आला विचारून?"
शेवटी एक खोकला,
त्या आवाजाच्या मालकाचा, खरा, कापायचा राहिलेला.

खोकला म्हणजे दोष. नियम आहे.
मी हेडफोन काढून डेस्कवर ठेवले,
परत घातले.
नोंद केली नाही.